पट्टीमामा काचेआड

सगळी वस्ती त्याला पट्टीमामा म्हणायची. मी त्याची सख्खी भाची, म्हणजे त्याला मामा म्हणायचा खरा हक्क माझा. पण लहानपणी मला तो हक्क बजावायला रांगेत उभं राहावं लागायचं. सकाळी उठावं तर दारात कुणीतरी गुडघा फोडून घेतलेलं, कुणीतरी हात भाजून घेतलेलं उभंच. मग आतून मामी ओरडायची, "अहो, घोटभर चहा तरी घेऊन जा! जखमा काय पळून चालल्यात?"

आई गेल्यावर मी मामाकडेच वाढले, त्यामुळे हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मामा सरकारी दवाखान्यात ड्रेसर होता. जखम धुवायची, पू काढायचा, मलम लावायचं, पट्टी बांधायची. दवाखाना आमच्या गल्लीच्या टोकालाच होता. दोनच खोल्या. पुढच्या खोलीत डॉक्टर, मागच्या खोलीत मामा. पत्रा ठोकलेलं एक टेबल, पाय ठेवायला लाकडी स्टूल, कायम ठिबकणारा नळ, आणि गटाराकडे उघडणारी एक खिडकी. तिच्या काचा अर्ध्यापर्यंत पांढऱ्या रंगवलेल्या होत्या. त्या खोलीतून बाहेर आलेल्या माणसाच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा. मामाच्या अंगाला तर सणासुदीच्या कपड्यांतही यायचा.

जखमेला चिकटलेली पट्टी काढायची त्याची एक रीत होती. बाई असली की तो अगदी सहज विचारायचा, "काय म्हणतात तुमच्या सासूबाई?" बाई तोंड उघडायची, सासूबाईंचा पाढा सुरू व्हायचा, आणि तो रंगात यायच्या आत पट्टी निघालेली असायची. पुरुष असला तर साहेबाबद्दल विचारायचं. "सासू आणि साहेब," मामा म्हणायचा, "यांच्यासारखं भुलीचं औषध नाही."

देवमाणूस वगैरे नव्हता तो. हट्टी होता, फटकळ होता. स्वतःचा आवाज त्याला फार आवडायचा. मामी म्हणायची, "गावाला मामा आणि घराला पाहुणा." घरातला पंखा वर्षभर नुसता कुरकुरत होता, पण त्याकडे पाहायला त्याला कधी सवड झाली नाही.

दवाखान्यात काय चालतं हे मामाइतकं कुणाला माहीत नव्हतं, आणि मामाइतकं त्याच्यावर चिडणारंही कुणी नव्हतं. डॉक्टर ऊन डोक्यावर आल्यावर यायचे आणि भूक लागली की निघायचे. औषधांच्या कपाटात बऱ्याचदा कपाटाच्या फळ्याच असायच्या. कापूस संपला की मामीच्या जुन्या चादरी फाडून, उकळून वापरायला जायच्या. पण मामाचा खरा राग होता वशिल्यावर. शिपायाची ओळख असली की माणूस सरळ आत, आणि पहाटेपासून बसलेली म्हातारी बाकावरच. "रोगाला माणूस पुरून उरेल," तो म्हणायचा, "ओळखीपाळखीला नाही उरणार."

म्हणून सरकारनं सगळी आरोग्यसेवा नव्यानं मांडायची ठरवली, तेव्हा आमच्या घरात सगळ्यात जास्त आनंद मामाला झाला. 'पुनर्रचना' हा शब्द त्यानं इतक्यांदा म्हटला की मामी म्हणाली, "आता जेवणाची पण पुनर्रचना करू का? गार झालंय."

बेत असा होता: वस्त्यावस्त्यांतले छोटे दवाखाने बंद करायचे आणि शहराच्या पलीकडच्या टोकाला एक मोठं आरोग्य केंद्र उभारायचं. तिथं सगळे विभाग, सगळी यंत्रं, तज्ज्ञ डॉक्टर. मोबाईलवर नाव नोंदवायचं, नंबर येईल त्या दिवशी जायचं. कुणी मध्ये घुसायचं नाही. वस्तीतली माणसं मात्र बिथरली. मोडका का असेना, आपला दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे, तो का सोडायचा? मग शाळेच्या मोठ्या खोलीत सभा ठेवली गेली.

या कामाच्या प्रमुख बाई स्वतः आल्या. केस बारीक कापलेले, पायात साध्या चपला, आवाज बसलेला. सगळ्या वस्त्यांमध्ये बोलून बोलून तो बसला होता. आधी पुष्कळ वर्षं त्या डॉक्टर म्हणून आडबाजूच्या ठिकाणी राहिल्या होत्या. लोक आरडाओरडा करत होते आणि त्या ऐकून घेत होत्या. अखेर मामा उठला.

"मला ओळखता ना?" तो म्हणाला. "तुमच्यातल्या निम्म्या लोकांचे गुडघे मी तुमच्या आईपेक्षा जास्त वेळा पाहिलेत."

लोक हसले.

"मग ऐका. तो दवाखाना नाही, ती धर्मशाळा आहे. छप्पर आहे म्हणून बसायचं. मी आत बसतो, मला विचारा. वशिला नसलेला माणूस तिथं फक्त माझ्या खोलीत येऊ शकतो, कारण माझ्या खोलीत यायची कुणाला हौस नसते. बाई म्हणतायत की तिकडे वशिला चालणार नाही. मला तेवढंच पुरे आहे. जुनं गेलं म्हणून रडत बसू नका. हात वर करा."

सगळ्यात आधी त्याच्या मित्राचा हात वर गेला. तो कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला. दोघं रोज संध्याकाळी इस्त्रीच्या टपरीत पत्ते खेळायचे आणि रोज एकमेकांना लबाड म्हणायचे. त्याचा हात दिसल्यावर बाकीचेही हात वर गेले. प्रमुख बाई जाताना मामाला म्हणाल्या, "तुमच्यासारखी चार माणसं मिळाली तर हे होईल." मामा घरी आला तो चालत नव्हता, तरंगत होता.

दवाखान्याला कुलूप लागलं. मामा नव्या केंद्रात रुजू झाला. पण तिथं ड्रेसर हे पदच नव्हतं. जखमांसाठी वेगळा विभाग होता, त्यात शिकलेल्या परिचारिका होत्या, आणि ते योग्यच होतं असं मामाही म्हणाला. त्याला मदत कक्षात बसवलं. दाराजवळच जाड काच, काचेला खालच्या बाजूला बशीएवढं भोक, आत एक संगणक, आणि मामाच्या अंगात आकाशी रंगाचं जाकीट. आलेल्याचं नाव विचारायचं, नंबर आहे का पाहायचं, कुठल्या मजल्यावर जायचं ते सांगायचं.

पहिले काही महिने खरोखर बरे गेले, हे सांगायलाच हवं. फरशी आरशासारखी. औषधं मिळत होती. ज्याचा नंबर त्यालाच आत सोडत होते. एक नगरसेवकसुद्धा मुकाट्यानं बाकावर बसलेला मामानं पाहिला आणि आठवडाभर ती गोष्ट सगळ्यांना सांगितली. मामीनं त्याला नवे बूट घ्यायला लावले.

मग हळूहळू एकेक धागा सुटायला लागला. कंत्राटावर आलेले तज्ज्ञ डॉक्टर कंत्राट संपल्यावर गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. सगळे छोटे दवाखाने बंद झाल्यामुळे सगळं शहर याच एका दारात लोटलं होतं. वस्त्यांमधून केंद्रापर्यंत खास गाड्या सुटणार होत्या, त्यांचा पत्ताच नव्हता. नंबर आधी दुसऱ्या दिवसाचा मिळायचा, मग पुढच्या आठवड्याचा, मग पुढच्या महिन्याचा. जखमांचा विभाग आठवड्यातून एकच दिवस उघडू लागला. फरशी मात्र तशीच चमकत राहिली, कारण साफसफाईचं कंत्राट वेगळं होतं.

याच सुमाराला इस्त्रीवाल्याच्या पायावर निखारा पडला. कोळशाच्या इस्त्रीतून उडाला आणि चपलेच्या पट्ट्यात अडकला. त्याला साखरेचा आजार जुना, पायाला जाणीव नाही. तो शर्टाची कॉलर दाबत राहिला आणि वास आल्यावर बायकोला म्हणाला, "बघ गं, कुणाचं कापड जळलं का?"

मामानं पाय पाहिला आणि सांगितलं, "हे माझं काम नाही. हे डॉक्टरला दाखवायचं." इस्त्रीवाल्याच्या मुलानं परगावाहून मोबाईलवर नाव नोंदवलं. नंबर काही येईना. तेव्हा नवरा-बायको दोन बस बदलून केंद्रात आले. मी त्या दिवशी मामाचा डबा द्यायला गेले होते, म्हणून मला ते दिसलं.

इस्त्रीवाला काचेपाशी वाकला. आत मामा बसलेला.

"नाव?" मामानं विचारलं. वर कॅमेरा होता, आणि नाव विचारल्याशिवाय संगणक पुढं सरकत नव्हता.

"नाव विचारतोस माझं?" इस्त्रीवाला हसला. "काल रात्री राणी चोरलीस तेव्हा नाही विचारलंस."

मामानं स्वतःच नाव टाईप केलं. पडद्याकडे बघत राहिला. "तारीख आलेली नाही अजून."

"मग?"

"आली की मोबाईलवर येईल."

"अरे, मी इथं आलोय. माझा पाय इथं आलाय. त्याला काय परत पाठवू?"

मामाच्या शेजारी एक मुलगी बसायची, त्याच्याच हाताखाली शिकलेली. ती हळूच म्हणाली, "मामा, मध्ये टाकू का यांना? परवाच्या यादीत. कुणाला कळणार नाही."

मामानं मान उंचावून काचेबाहेर पाहिलं. मागे रांग दारापर्यंत गेली होती. मग तो म्हणाला, "नको. हा पुढं गेला की कुणीतरी एक मागं जाणार. त्यालाही पाय असेल."

काचेपलीकडे हे ऐकू गेलं की नाही मला ठाऊक नाही. इस्त्रीवाल्याची बायको तेवढं म्हणाली, "चला हो, बस निघून जाईल."

त्या संध्याकाळपासून मामानं स्वतःच त्याच्या पायाची पट्टी करायला सुरुवात केली, टपरीच्या पायरीवर बसून. तारीख एकदाची आली. ते गेले तर शल्यचिकित्सक कसल्याशा प्रशिक्षणाला गेलेले. पुन्हा नवी तारीख. इकडे वस्तीत बोभाटा झाला की पट्टीमामा परत पट्ट्या करतोय. लोक यायला लागले. मामीनं पुन्हा चादरी फाडल्या. थोडे दिवस आमच्या दाराला जुनी कळा आली, आणि मामाही जरा उजळला. पण कुणीतरी तक्रार केली. मामाला बोलावून सांगण्यात आलं की केंद्राचा कर्मचारी बाहेर उपचार करताना पुन्हा दिसला तर नोकरी जाईल. निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. मामानं दारात आलेल्यांना परत पाठवायला सुरुवात केली. इस्त्रीवाल्याकडे मात्र तो अंधार पडल्यावर, हातात पत्त्यांचा जोड घेऊन जायचा, जणू खेळायलाच चाललाय.

पण पट्टीनं बरा होणारा तो पाय नव्हता. मामालाही ते माहीत होतं. अंगठा काळा पडला. मग शेजारचं बोट. एका सकाळी मामा जेवणाचा डबा न घेताच निघाला. कामावर गेला, जाकीट काढून खुर्चीवर ठेवलं आणि काचेमागून उठून थेट प्रमुख बाईंच्या खोलीत गेला. हे त्यानं मला नंतर सांगितलं, तेही तुकड्यातुकड्यानं.

बाई खोक्यांमध्ये सामान भरत होत्या. त्यांची बदली झाली होती.

"बाई, माझ्या मित्राचा पाय सडतोय," मामा म्हणाला. "मी वशिला लावायला आलोय. आयुष्यात पहिल्यांदा. कसा लावतात ते मला येत नाही, तुम्हीच सांगा."

बाई खाली बसल्या. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला, मग दुसरा, मग तिसरा. गाडी मिळाली. मोठ्या इस्पितळात खाट मिळाली. फोन ठेवून त्या म्हणाल्या, "मी मागितलं होतं त्यातलं निम्मं मिळालं. दवाखाने बंद करायचं निम्मं. उघडायचं निम्मं राहिलंच."

"मग तुम्ही थांबवलं का नाही?"

"उरलेलं निम्मंही मिळेल असं वाटलं होतं. तुम्हाला नव्हतं वाटलं?"

मामा दाराकडे वळला. तो जिना उतरून खाली आला आणि परत जाकीट घालून बसला. रांग तुंबली होती.

इस्त्रीवाल्याचा पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, आधी आला असतात तर बोटांवर निभावलं असतं. शुद्धीवर आल्यावर तो मामाला म्हणाला, "आता एकाच पायाची काळजी. निम्मं काम." मामा हसला नाही. मग इस्त्रीवाला त्याच्याकडे बघत म्हणाला, "तोंड पाडून बसू नकोस रे. माझ्याजागी मी असतो तर मीही नसतं घुसवलं." मग स्वतःच म्हणाला, "काहीतरी चुकलं ना बोलण्यात?" आणि दोघंही हसले. मी त्या दोघांना एकत्र हसताना पाहिलं ते तेव्हाच शेवटचं.

घरी आल्यावर परिचारिका दिवसाआड येऊन जखम पाहील असं इस्पितळातून सांगितलं होतं. घरपोच सेवा. नव्या केंद्राच्या भिंतीवर तिचं मोठं रंगीत चित्रही होतं, पिशवी घेऊन हसत येणारी बाई. ती सेवा सुरूच झालेली नव्हती. मामा मोबाईलवर नंबर फिरवायचा आणि त्याच्याच केंद्रातला आवाज त्याला सांगायचा की थोडं थांबा. तो अंधार पडल्यावर जात राहिला. कापलेल्या जागी टाके पिकले, ताप चढला, आणि इस्त्रीवाला परत इस्पितळात पोचायच्या आत वाटेतच गेला.

त्याला स्मशानात पोचवून आल्यावर मामा इस्त्रीवाल्याच्या बायकोसमोर जाऊन बसला. मी आणि मामी दाराशी होतो.

"वहिनी," तो म्हणाला, "मला माफ करा."

 ती शांतपणे बोलली. "भाऊजी, तुम्ही त्या सभेत बोलला नसता तर आमचा दवाखाना आमच्या दारात राहिला असता. घाण होता, पण होता. हे असं ते कधीच म्हणाले नाहीत. शेवटपर्यंत तुमचीच बाजू घेत होते. मी म्हणतेय."

मामानं मान हलवली. पाणीसुद्धा न घेता उठला.

त्यानंतर ती मुलाकडे राहायला गेली. टपरीत आता मोबाईल दुरुस्त करतात. बाईंच्या जागी आलेल्या साहेबांनी सगळ्या योजनेचं नाव बदललं आणि जाकिटांचा रंग हिरवा केला. मामा हिरव्या जाकिटात बसायला लागला. त्याचं बोलणं कमी कमी होत गेलं. आधी विनोद गेले, मग टोमणे गेले, मग मामीशी भांडणंही गेली. मामी एकदा मुद्दाम म्हणाली, "मीठ नाही भाजीत." तो म्हणाला, "असू दे." ती स्वयंपाकघरात जाऊन रडली. भाजीत मीठ होतं.

निवृत्तीच्या दिवशी त्यानं जाकीट परत केलं आणि बसनं घरी आला. त्याच्या जागी माणूस घेतला नाही, यंत्र बसवलं. त्यावर बोट दाबलं की चिठ्ठी येते. निवृत्त झाल्यावर तरी मोकळा होईल, दारात पुन्हा लोक येतील, असं मला वाटायचं. आलेही. समोरच्या घरातली सून हात भाजून धावत आली. मामानं खुर्चीतूनच सांगितलं, "केंद्रात जा. नंबर घे." तिला खरं वाटेना. "मामा, अहो, नुसतं बघा तरी!" त्यानं मान फिरवली. शेवटी मामीनंच तिचा हात नळाखाली धरला.

आता त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. डाव्यानं तर फक्त उजेड कळतो. भिंतीला धरून चालतो, चहाच्या कपाऐवजी बशीला हात घालतो. साधी शस्त्रक्रिया आहे, करून घेतली की दिसेल. मागच्या आठवड्यात मी मोबाईल घेऊन त्याच्याजवळ बसले.

"मामा, नाव नोंदवते तुझं. वर्षभरात लागेल नंबर."

"नको."

"अरे, पण का?"

"माझ्यापुढं किती असतील," तो म्हणाला. "त्यात आणखी एक कशाला?"

मी त्याला न सांगता नाव नोंदवलं आहे. अजून काही आलेलं नाही.